पाठ असलेली ओळ

बॉइंटन बीच गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात लोरेनचा नंबर यायला अजून अवकाश होता. शेजारच्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणींची काल खेळलेल्या माहजाँगवरून, त्या सोंगट्यांच्या खेळावरून, जुंपली होती. लोरेन स्वतः दर मंगळवारी खेळायची, त्यामुळे मासिक नुसतंच हातात राहिलं.

"बनी, चार जोकर हातात असताना कुणी जोड्यांचा डाव धरतं का गं?"

"मी धरते."

"जोकर जोडीत चालत नाही! पाच-पाच सारख्या सोंगट्यांचा डाव धरायचास. बसल्या जागी जिंकली असतीस."

"जमल्या की नाही माझ्या जोड्या?"

"जमल्या! जिंकल्यासारखी 'माहजाँग' म्हणून ओरडलीससुद्धा. पण ती डावाची ओळ गेल्या वर्षीच्या कार्डावरची. एप्रिलमध्ये दरवर्षीसारखं नवं कार्ड आलं, त्यावर छापलेले जिंकायचे सगळे डाव बदलले."

"मला तीच ओळ पाठ आहे, सेल्मा."

"पाठ कशाला हवी? नवं कार्ड तुझ्या नाकासमोर होतं."

"होतं ना. पण अक्षरं कुठे दिसतात?"

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. उगाच का आलोय इथे?"

"मला म्हणालीस, नेहमीची तपासणी आहे!"

"तू घाबरतेस म्हणून."

"बनी, आत्ता गाडी तू चालवत आणलीस."

"मग? रस्ता पाठ आहे मला."

"हायवेवरून आणलीस!"

लोरेनने मासिक मिटलं.

"तोंड काय पाडतेस, सेल्मा? परतीचा रस्ता काही एप्रिलमध्ये बदललेला नाही."