धुऱ्यावरचं मोहाचं झाड

गोंदियाच्या एस.टी.त माझं बाळ मांडीवर झोपलेलं. पुढच्या बाकावर सासरे आणि सून. सुनेनं तैलरंगातलं ओलं चित्र कोणाला लागू नये म्हणून हात लांब करून धरलं होतं : पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत सारसांची जोडी, घरट्यात दोन अंडी.

“रेणू, हे प्रदर्शनात टांगतीन काय?”

“हो मामाजी. पहिल्यांदाच निवडलं माझं चित्र.”

“पाखरं तं जिती वाटून राह्यली. पण हे वाकडं मोहाचं झाड काऊन काढलं?”

“आपल्या शेताच्या धुऱ्यावर हाय ना ते!”

“तेच तं! अख्खा तालुका ओळखते त्याले. उद्या फोटोवाले घरटं शोधत बांधीत घुसतीन. मागच्या साली असंच झालं. पाखरं अंडी सोडून गेली बिचारी.”

“पण मामाजी, झाडच सगळ्यात चांगलं जमलं.”

“दिसून राह्यलं मले.”

सासऱ्यांनी चित्रातल्या झाडाजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

“रंग वाळला काय, बेटा?”

“नाई. तेलाचा रंग लवकर नाई वाळत. पुसला तं निघते.”

“मंग?”

“तुमचा खांद्यावरचा दुपट्टा द्या.”

“नवाच हाय वं… घे.”

झाडाचा सगळा रंग दुपट्ट्यावर उतरला.

“आता पाहा मामाजी. कोणाची बांधी हाय?”

“सारसाची.”