दिवा लागतो, आवाज जातो

...आणि वर मलाच म्हणतात, "हळू बोल, दारी!" हळू? तुम्हाला सांगते, सहाला आमचा कार्यक्रम, चारला मैदानावर आवाजाची तपासणी, आणि माझं पेडल मुकं! पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायरच्या मधे ठेवायचा डबा हो. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज खरखरीत, फाटका, अस्सा अंगावर धावून येणारा व्हायला हवा. मी स्वतः बनवलंय, बोटं भाजून घेऊन एकेक तार जोडलीय! आणि होतं काय? बटण दाबलं नाही, तर गिटार आपली साधी, गुणी मुलीसारखी वाजते. दाबलं... की दिवा लागतो, आवाज जातो!

मामा म्हणतो, "मग दाबूच नकोस की बटण!"

हा शानबोर मामा. आम्हा खासींकडे घर धाकट्या मुलीचं, म्हणजे मावलाई वस्तीतलं हे घर उद्या माझं. पण त्यात खिळा कुठे ठोकायचा ते कोण ठरवणार? मामा! बरं, नुसता मामा असता तर सोसला असता. पण त्याचा बँड आहे! शिलाँगमधे साठी उलटलेला एक माणूस दाखवा मला, जो एकेकाळी बँडमधे नव्हता! आणि आमच्या वस्तीच्या प्रमुखांनी सांगून ठेवलंय, "पोरींचं यंत्र चारपर्यंत बोललं नाही, तर त्यांच्या जागी जुनी मंडळी वाजवतील." जुनी मंडळी म्हणजे कोण? मामा! सकाळपासून इस्त्रीचा कोट घालून बसलाय हो... आणि वर मला धीर देतोय!

आम्ही तिघींनी पहिल्यांदाच चार लोकांसमोर वाजवायचं, गाणी माझी स्वतःची, आणि त्या फाटक्या आवाजाशिवाय ती कशी वाटतात माहितीये? रविवारच्या प्रार्थनेसारखी! मी चिडून लिहिलेली गाणी, आणि लोक हात जोडणार!

बॅटरी बदलली. दिवा लागतो, आवाज जातो. केबल बदलली, प्रत्येक सांधा पुन्हा तापवून घट्ट केला. दिवा लागतो, आवाज जातो! आमची ड्रमवाली इबा म्हणाली, "पेडलवर ओरडू नकोस गं, ते घाबरेल." तेवढ्यात दारात कोण? बाह कित्बोक, म्हणजे कित्बोकदादा, मामाच्या बँडमधले.

"काय झालं गं, पोरी?"

"दिवा लागतो, आवाज जातो."

"आमच्या वेळी असले डबे नव्हते. आम्ही बोटांनी वाजवायचो!"

मग मी काय कोपराने वाजवते? म्हणाले नाही. ...बरं, म्हणाले! आई आतून ओरडली, "दारी! आधी त्यांना क्वाय दे!" आता घरी आलेल्याला पानसुपारी द्यायची नाही, तर त्याला आल्यासारखं तरी कसं वाटणार? पण द्यायची कशातून? आईचा क्वायचा डबा कुठाय? अहो, तोच तर पेडल झालाय! घरात तेवढा जाड पत्र्याचा दुसरा डबाच नव्हता, मी काय करू?

मामाच्या हाताला मात्र तीस वर्षांची सवय! बोलता बोलता त्याने डबा ओढला, उघडायला लागला, दोन्ही केबली सटकल्या, आणि मी अशी किंचाळले, अशी किंचाळले की बाह कित्बोक खुर्चीतून उठून उभे राहिले!

"अगं, लावतो परत, लावतो! कुठली कुठे होती?"

"लिहिलंय त्यावर! 'आत', 'बाहेर'! नेलपॉलिशने लिहिलंय!"

"चष्मा नाहीये," म्हणाला, आणि दिल्या खुपसून वाटेल तशा. मी रागाने बटणावर पाय आपटला, तारा छेडल्या आणि...

खर्रर्रर्रांग!

खिडक्या थरथरल्या! शेजारचं कुत्रं पळालं! इबा नाचायला लागली. मी डबा उचलून बघते तर काय... तारा जोडताना तो पालथा होता, आणि तेच डावं-उजवं धरून मी वरच्या बाजूला 'आत', 'बाहेर' लिहिलं होतं. सुलटा केल्यावर डावं उजवीकडे गेलं! सगळं बरोबर जोडलेलं, अहो, एकूण एक सांधा बरोबर! फक्त मी गिटार बाहेरच्या दारातून आत ढकलत होते. मी, फिजिक्सची पदवीधर!

"झालं ना सुरू?" मामा म्हणाला. "म्हणजे... आम्ही नाही वाजवायचं आता?" आणि कोटाचं वरचं बटण हळूच काढलं.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागावणार कसं? तुम्हाला सांगते, मी एवढी दगड नाही. म्हटलं, "मामा, शेवटच्या गाण्याला ये आमच्याबरोबर. एकाच गाण्याला हं!"

त्याने बटण लावलं. बाह कित्बोकांकडे बघितलं. बाह कित्बोकांनी फोन काढला.

पाऊण तासात सहा म्हातारे दारात, सगळे इस्त्रीच्या कोटात, आणि त्यातल्या चौघांकडे गिटार... आणि सगळ्यांना पहिल्या रांगेत उभं राहायचंय!