करडी गाडी विकली जाईपर्यंत

मी खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, राहणार वळणाच्या रस्त्यावरील बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या आवारात, मागची खोली. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

मी वरील ठिकाणी दोन वर्षांपासून एकटी राहते व तेथेच धंदा करते. माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, माझ्या थोरल्या दिरांचे जुन्या गाड्यांचे मोठे यार्ड आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्या ऑफिसात मी चौदा वर्षे काम केले. फोन घेणे, गिऱ्हाइकाला बसवणे, गाडी दाखवण्याआधी आतून पुसून घेणे ही कामे माझ्याकडे होती. माझे पती त्याच यार्डात मेकॅनिक होते.

चार वर्षांपूर्वी सकाळी साडेनऊच्या सुमारास भाऊजींनी माझ्या पतींना एक निळी गाडी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला सांगितली. ती गाडी आदल्या दिवशीच बाहेरून रंगवून आली होती आणि माझ्या पतींनी तिला हात लावलेला नव्हता. पुलाच्या चढावर ती दुभाजकाला घासली आणि मधोमध तुटली. माझे पती जागीच वारले. मी दुपारी पोलिसांच्या शेडमध्ये गेले तेव्हा गाडीचा पुढचा भाग एका भिंतीशी व मागचा भाग दुसऱ्या भिंतीशी ठेवलेला होता. पुढच्या सीटखालून कापल्यासारखी सरळ रेघ होती व तिच्यावर वेल्डिंग होते. म्हणजे दोन अपघाती गाड्यांचे धड भाग कापून, एकमेकांना जोडून, ती एक गाडी केलेली होती.

भाऊजींनी तेव्हा जबाब दिला की, माझा भाऊ गाडी जोरात चालवायचा, त्याला मी अनेकदा बोललो होतो. आठव्या दिवशी दोन्ही भाग भंगारात गेले. माझा जबाब घेतला गेला नाही. मी रडत असल्याने बोलण्याच्या स्थितीत नव्हते, असे त्या कागदांत लिहिलेले आहे.

दहाव्यानंतर भाऊजी मला म्हणाले, "तू ऑफिसात येत राहा. घरचंच आहे." मी त्यानंतर दोन वर्षे ऑफिसात जात राहिले. त्या दोन वर्षांत काय केले, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मी फोन घेत होते. कोणती गाडी कुठून येते, कोण रंगवतो, मीटर कोण मागे फिरवतो आणि गिऱ्हाईक कोणत्या शब्दावर पाघळते, हे मी बघत होते. कागद मात्र भाऊजी स्वतःच्या कपाटात ठेवत व किल्ली कमरेला लावत.

नंतर मी स्वतःचा धंदा करायचे ठरवले व जागा पाहिल्या. पहिली बाजाराजवळ होती. भाडे कमी होते, पण तिथे गाडी वळवायला जागा नव्हती. दुसरी स्टेशनसमोर होती. तिथे गर्दी भरपूर, पण ती चालणाऱ्यांची, गाडी बघायला थांबणारी नव्हे. तिसरी हा बर्फ कारखाना. मी सहा दिवस सकाळी आठ ते दुपारी एक त्याच्या फाटकाशी उभी राहिले. वळणावरून उतरणारी प्रत्येक गाडी तिथल्या गतिरोधकावर हळू होते व माणसाची मान आपोआप डावीकडे, म्हणजे कारखान्याकडे वळते. भाऊजींचे फाटक त्यानंतर पन्नास पावलांवर येते. कारखान्याच्या अंगणात सकाळचे ऊन सरळ पडते, त्यामुळे पत्र्यावरचा नवा रंग लपत नाही. जमीन सिमेंटची असल्याने तेल गळले तर तासाभरात डाग दिसतो. आत बर्फाच्या टाक्यांखाली माणूस उभा राहील एवढा खड्डा होता, त्याला पायऱ्याही होत्या. ऑफिससाठी जी खोली होती तिच्या खिडकीतून भाऊजींचे फाटक व अर्धे यार्ड दिसते.

कारखान्याचे मालक वयस्कर गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "बाई, समोर तुमचे दीरच आहेत. इथे कशाला?"

मी म्हटले, "म्हणूनच."

त्यांनी करार केला.

मी पाच गाड्यांवर सुरुवात केली. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर आतून एक पुठ्ठा लावला व त्यावर त्या गाडीत जे बिघडलेले आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिले. डावा दरवाजा बदललेला आहे. एसी उशिरा थंड होतो. पहिल्या मालकाने नीट वापरली, दुसऱ्याने वाट लावली. खड्ड्यावरच्या टाक्या काढून गाडी उभी करायची सोय केली, आत दिवे लावले व बाहेर पाटी लावली की, गाडी खाली उतरून बघा, घ्यायची नसली तरी बघा. पहिला महिना कोणी काही घेतले नाही. लोक पुठ्ठे वाचून हसत व पलीकडे जात. भाऊजींची माणसे फाटकात उभी राहून मला नमस्कार करत.

पाचव्या आठवड्यात एका टॅक्सीवाल्याने "क्लच तीन महिन्यांत जाईल" असे लिहिलेली गाडी घेतली. तिसऱ्या महिन्यात क्लच गेला. तो आपल्या मेव्हण्याला घेऊन आला व म्हणाला, "हिच्याकडूनच घे. ही बाई सांगते त्या तारखेला गाडी बिघडते." त्यानंतर गिऱ्हाईक वाढले. मग मी दुसरी पाटी लावली की, गाडी कुठूनही घेतलेली असो, रविवारी फुकट तपासून मिळेल. भाऊजींकडे गाडी पसंत केलेले लोक ट्रायलच्या निमित्ताने रस्ता ओलांडून माझ्या खड्ड्यावर येऊ लागले. पहिल्या वर्षात त्यांचे एकवीस सौदे माझ्या खड्ड्यावर मोडले. मी ते वहीत लिहिलेले नाहीत, मला पाठ आहेत.

भाऊजी एकदा माझ्याकडे आले. म्हणाले, "पोट भरायला तुला दुसरी जागा मिळाली नाही?"

मी म्हटले, "मिळाल्या होत्या. दोन बघितल्या."

"घरचं भांडण चव्हाट्यावर आणतेस. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात, समोर तपासून घ्या."

ते गेल्यावर त्यांनी ट्रायलच्या गाडीने रस्ता ओलांडायचा नाही असा नियम केला. सासूबाई त्यांच्याकडेच असतात. त्याही एके दिवशी दुपारी काठी टेकत आल्या व खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. माझा एक गेला. दुसऱ्यालाही घालवशील तू."

मी म्हटले, "आई, ते गाडीत बसत नाहीत. ते विकतात."

त्यांनी पाणी घेतले नाही.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता भाऊजींच्या यार्डात ताडपत्री झाकलेली एक मोठी करडी गाडी ट्रकमधून उतरली. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या माणसाने ती रस्त्यावर काढली. गतिरोधकावर पुढची चाके चढली तेव्हा पुढच्या व मागच्या दरवाज्यांमधली फट वर रुंद झाली, आणि चाके उतरल्यावर मिटली. मी खिडकीत उभी होते. अशी फट धड गाडीत उघडमीट करत नाही. ती गाडी जोडलेली आहे हे मला त्याच वेळी कळले.

तेव्हाच पोलिसांत का आला नाहीत, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगते की, यार्डात उभी असलेली गाडी म्हणजे नुसती गाडी. भाऊजी म्हणाले असते, मी ती भंगार म्हणून आणली, विकणार नव्हतो. आठ दिवसांत ती गेली असती. मला विक्री हवी होती, त्यांच्या सहीनिशी.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास एक शाळामास्तर, त्यांची पत्नी व दोन मुली असे माझ्याकडे आले. मोठी साधारण बारा वर्षांची, धाकटी आठ वर्षांची. त्यांनी माझी छोटी पांढरी गाडी पाहिली. धाकटीने पुठ्ठा मोठ्याने वाचला, "मागच्या पत्र्याला गंज आहे, डिकीत भाजी ठेवू नये," आणि ती हसली. पत्नींना गाडी लहान वाटली. मास्तरांनी मला विचारले, "समोर एक करडी मोठी गाडी बघितली. तुम्ही या धंद्यातल्या, तुम्हाला कशी वाटते?"

मी म्हटले, "आवडली असेल तर घ्या. पण पक्की पावती घ्या, आणि तिच्यावर 'गाडीला कधीही अपघात नाही' असं त्यांच्या हातचं लिहून घ्या, सहीसकट. घेतली की आधी माझ्याकडे आणा. मी फुकट तपासून देते."

मास्तर म्हणाले, "हल्ली असं सांगणारी माणसं कुठे राहिलीत."

हे मी असेच बोलले व ते असेच बोलले.

सोमवारी त्यांना गाडी मिळणार होती. मी सकाळीच खड्डा धुऊन दिवे लावून ठेवले, फोटोसाठी कॅमेरा ठेवला व कारखान्याच्या मालकांना साक्षीला बसवून ठेवले. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी करडी गाडी फाटकातून बाहेर आली. मास्तर चालवत होते. मी अंगणाचे फाटक उघडून उभी राहिले. गाडी माझ्याकडे न येता उजवीकडे हमरस्त्याला वळली. मुलींना ती आधी आजीला दाखवायची होती, हे मला नंतर समजले. मी ओरडत मागे पळाले, दोन्ही हात हलवले. धाकटी मागच्या काचेतून मला हात हलवून दाखवत होती.

मी पांढऱ्या गाडीत बसले व त्यांच्या मागे गेले. अकरा किलोमीटर मी हॉर्न वाजवत होते. मी दिवे दाखवले की मास्तर वेग वाढवत. त्यांना वाटले, गिऱ्हाईक गेले म्हणून बाईचे डोके फिरले आहे. वाटेत एक पूल आहे. त्याच्या चढावर मी हॉर्न वाजवणे बंद केले, कारण त्यांनी आणखी वेग घेऊ नये. त्या पुलाबद्दल मला आणखी काही सांगायचे नाही.

चार वाजून बत्तीस मिनिटांनी रेल्वे फाटक बंद असल्याने गाडी थांबली. मी उतरून मागचा दरवाजा उघडला व दोन्ही मुलींना दंडाला धरून बाहेर ओढले. मोठीच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले, ते तिच्या आईने दाखवले आहेत, ते माझेच आहेत. मास्तर ओरडले, "काय चाललंय हे! पोलिसांना बोलावू का?"

मी म्हटले, "बोलवा."

मी मागच्या सीटपुढचा गालिचा उचकटला. खाली डांबर लावलेले होते. ते पान्याने खरवडल्यावर वेल्डिंगची रेघ दिसली, या दरवाज्यापासून त्या दरवाज्यापर्यंत. फाटकावरच्या कर्मचाऱ्याने ती पाहिली आहे. आपल्या ठाण्याचे हवालदार आल्यावर गाडी ओढून नेण्यासाठी क्रेन बोलावली. क्रेनने पुढून गाडी उचलली, ती साधारण दोन फूट वर गेली आणि मागचा भाग जमिनीवरच राहिला. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली घरंगळत रुळांपर्यंत गेली.

मग मास्तरांनी मला विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटले, "हो."

"केव्हापासून?"

"मंगळवारपासून."

त्यांच्या पत्नी दोन्ही मुलींना घेऊन रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या व रेल्वेगाडी आली तरी त्यांनी माझ्याकडे पाठच ठेवली.

काल यार्डावर छापा पडला व भाऊजींना ताब्यात घेतले तेव्हा मी खिडकीत उभी होते. कपाट फोडले नाही, किल्ली त्यांनीच काढून दिली. जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिले. मी पडदा ओढला नाही. मला बरे वाटले काय, असे कोणी विचारलेले नाही, पण वाटले.

आज सकाळी सासूबाईंनी शेजारणीकडून निरोप पाठवला की, मास्तरांनी आपल्या जबाबात तुझेही नाव घेतले आहे, शनिवारचे बोलणे सांगितले आहे. तू नाकबूल हो, म्हणजे मास्तर खोटा पडेल, तू सुटशील आणि थोरलाही सुटेल. साहेबांनीही मला समजावले की, बाई, शनिवारचा मजकूर जबाबात नसला तरी चालेल, नाहीतर तुमच्यावरच गुन्हा नोंदवावा लागेल.

त्यावर माझे म्हणणे असे की, मास्तरांचा जबाब शब्दन् शब्द खरा आहे. पावतीवरची ती ओळ मी सांगितली म्हणून लिहून घेतली गेली. मी नाकबूल झाले तर भाऊजींचे वकील त्या पावतीवरही बोट ठेवतील. मी चार वर्षे ज्याची वाट पाहिली ते त्या पावतीवर आहे. मास्तरांच्या जबाबाने मला शिक्षा होणार असेल तर होऊ द्या, पण तो जबाब वापरा. त्या दोन मुली गाडीत बसणार हे मला शनिवारी दिसत होते. मला ते दिसले नाही असे मी म्हणणार नाही.

मास्तरांच्या घरी मी अद्याप गेलेली नाही. जाणार काय, हे मला सांगता येत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी लेखनिकाने "बाईंना पूर्वकल्पना नव्हती" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले व त्या जागी "होती" असे लिहून घेतले. खोडलेल्या जागी माझी आखूड सही आहे. आता सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे.