अठरावं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सहल संस्थेचे संस्थापक माननीय रामकिसन औताडे सर, आजच्या सत्कारमूर्ती सौ. मालनबाई गाडेकर, त्यांच्या शेजारी नव्या फेट्यात अवघडून बसलेले त्यांचे यजमान आदरणीय कडुबाकाका, बोरदरी गावाहून दोन जीप भरून शहरातल्या छावणी भागातल्या या सभागृहापर्यंत आलेली ग्रामस्थ मंडळी, माझे गाईड, ड्रायव्हर आणि ऑफिसातले सहकारी, आणि मागच्या रांगेत बसून मोबाइलवर मॅच बघणारे आमचे काही रसिक मित्र, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मी विशाखा साळवे. अकरा वर्षं या संस्थेत गाईड आहे आणि गेल्या तीन वर्षांपासून नव्या गाईडना शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर छळते, असं ती मुलं म्हणतात. मला ते सगळं कानावर येतं, बरं का. ‘ताई गाडी हलवण्याआधी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघतात, पोलिसासारखं,’ असं परवाच कुणीतरी म्हणालं. नाव सांगत नाही, समोरच बसलाय.

आज आपण मालनबाईंना, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मावशींना निरोप द्यायला जमलो आहोत. अठरा वर्षं आपल्या सहलीतला शेवटचा थांबा म्हणजे बोरदरीतलं मावशींचं घर. लोक दिवसभर लेणी बघतात, डोंगर चढतात, उतरतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी मावशींच्या अंगणात येऊन पहिल्यांदा गप्प बसतात. कारण समोर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी असते. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून मावशी आणि काका लेकीकडं वैजापूरला राहायला चाललेत. लेक म्हणते, आई, आता तू बस, मी वाढते. मावशी बसतील का? मला शंका आहे.

मावशींच्या हातच्या चवीबद्दल माझ्याआधी तीन वक्ते बोलले. ते सगळं खरंच आहे. मी मात्र आज त्यांच्या ताटांबद्दल बोलणार आहे.

तुमच्यापैकी जे तिथं जेवलेत त्यांना आठवत असेल. गाडी पोचायच्या आधी मावशींची ताटं मांडलेली असायची. सकाळी ऑफिसातून आकडा कळायचा, तेवढी ताटं. प्रवासी सोळा, तर ताटं अठरा. एक गाईडचं, एक ड्रायव्हरचं. आमच्या धंद्यात गाईडनं सगळ्यात मागून, उभ्या उभ्या, उरलंसुरलं खायचं अशी पद्धत. पहिल्या दिवशी मी तशीच दाराशी उभी राहिले, तर मावशी म्हणाल्या, ‘तुझं ताट मी काय कावळ्यासाठी मांडलं व्हय? बस.’ आणि दुसरा नियम असा की, प्रत्येक ताटापुढं माणूस बसल्याशिवाय एकालाही वाढायचं नाही. कुणी हात धुवायला गेलंय, कुणी फोनवर बोलतंय, सगळे थांबणार. खरं सांगते, तेव्हा मला या नियमाचा भारी राग यायचा. भुकेनं कावलेले प्रवासी डोकं माझं खातात, मावशींचं नाही.

आता मी जे सांगणार आहे ते या सभागृहात फक्त चार जणांना ठाऊक आहे. मावशी, काका, मी आणि आमचा ड्रायव्हर संघपाल, तो इथंच कुठंतरी असेल. सर, आपण कृपया पाणी पिऊन घ्यावं.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधली आहे. नोकरीला लागून मला तिसराच महिना होता. रोज हर्सूलहून सायकलनं ऑफिसला यायचे. घरात पहिली पक्की नोकरी माझी. त्या काळात आपली संस्था प्रत्येक प्रवाशाला एक पिवळी टोपी द्यायची. जुन्या लोकांना आठवत असेल, पुढं त्या टोप्या बंद झाल्या. खर्च वाचवायला बंद केल्या असं ऑफिसात सांगितलं होतं, आणि आम्ही सर कंजूस आहेत असंही बोललो होतो. तेही आज माफ करावं.

तर त्या दिवशी सोळा प्रवासी घेऊन मी पितळखोऱ्याला गेले. दरीत उतरायच्या त्या पायऱ्या, खालचा ओढा, दगडात कोरलेले हत्ती. दिवस झकास गेला. साडेचारला सगळे वर आले, गाडीत बसले. उशीर झाला होता. मी दारात उभी राहून मोजलं. माणसं मोजली असं मला वाटलं. खरं तर मी पिवळ्या टोप्या मोजल्या. सोळा टोप्या. म्हटलं, चला.

बोरदरीत पोचलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. अठरा ताटं मांडलेली. मंडळी बसली. मी म्हटलं, मावशी, वाढा. मावशींनी भाकरीची टोपली उचलली आणि परत खाली ठेवली.

‘हे एक रिकामं हाय,’ म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘कुणीतरी हात धूत असेल.’

‘मोरीवर कुणी नाय. ताट मांडलंय म्हंजी माणूस हाय. माणूस कुठंय?’

मी परत मोजलं. सतरा. मला धरून, संघपालला धरून सतरा. मग गाडीत सोळा टोप्या कशा होत्या? तेव्हा संघपाल हळूच म्हणाला, ‘ताई, मागच्या सीटवर पुंजाराम होता ना.’

पुंजाराम म्हणजे लेण्यांच्या वर पेरू विकणारा बोरदरीचाच माणूस. परतीला तो नेहमी आपल्या गाडीतून यायचा. आपल्याकडं जाणाऱ्या गाडीत जागा असली तर गावच्या माणसाला नाही कोण म्हणतं? वेशीवर उतरून तो टोपली घेऊन घरी गेला होता. काका धावत जाऊन त्याला घेऊन आले. त्याच्या डोक्यावर आपली पिवळी टोपी.

‘ही कुणी दिली?’

‘त्या म्हाताऱ्या बाबानं. सोलापूरच्या. म्हणले, तुझ्या डोक्यावर लई ऊन हाय, घे. अन् वही घेऊन परत खाली गेले. हत्ती काढायचाय म्हणले.’

सोलापूरचे कुलथेकाका. निवृत्त पोस्टमास्तर, वय त्र्याहत्तर, एकटे आलेले. दिवसभरात कुणाशी दहा वाक्यं बोलले नसतील. म्हणूनच ते गाडीत नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि मी त्यांना त्या दरीत सोडून नऊ किलोमीटर पुढं आले होते. तिथं मोबाइलला रेंज नाही. अंधार पडायला लागलेला. त्या जंगलात बिबट्या आहे, हे मीच सकाळी प्रवाशांना रंगवून सांगितलं होतं.

मी रडायला लागले. मावशींनी मला दंडाला धरून चुलीमागं नेलं आणि म्हणाल्या, ‘रडायचं ते नंतर रड. आधी माणूस आण. हे पंधरा जण मी बघते.’

काका, संघपाल आणि मी गाडी घेऊन परत निघालो. बॅटरी, दोर आणि काकांची काठी. त्या नऊ किलोमीटरमध्ये मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही. आमच्या घरात नवस बोलत नाहीत, वडिलांना कळलं तर आजही रागावतील. ते समोर बसलेत, तर कळलंच म्हणायचं.

पायऱ्या उतरताना मी हाका मारत होते, पण ओढ्याच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. काका पुढं होते. शेवटच्या वळणावर त्यांनी बॅटरी फिरवली आणि म्हणाले, ‘बसलाय बघ.’

कुलथेकाका हत्तींच्या समोर एका दगडावर बसले होते. पाय मुरगळून टम्म सुजलेला. मफलर कानाला गुंडाळलेला, वही मांडीवर. मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘अहो, मला काळजी नव्हती. गाडी सुरू करताना मोजतात, तेव्हा कळेलच. येतील परत, म्हटलं, बसून राहू.’

मित्रहो, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

काकांनी आणि संघपालनं त्यांना आळीपाळीनं पाठीवर घेऊन वर आणलं. पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते, आणि अंगणात काय चाललं होतं? आमचे पंधरा प्रवासी, त्यात बँकेचे दोन मॅनेजर आणि एक डॉक्टरीणबाई, परातीपुढं बसून भाकऱ्या थापत होते. मावशींनी त्यांना सांगितलं होतं की एक पाहुणा चित्र काढायला मागं थांबलाय, गाडी त्याला आणायला गेलीय, आणि आमच्याकडं अशी रीत आहे, पाहुण्यानं आपली भाकरी आपण थापायची, मगच जेवायचं. अशी कुठली रीत? मराठवाड्यात पाहुण्याला कामाला लावलं तर सात पिढ्यांची अब्रू जाईल. पण त्या दीड तासात एकानंही घड्याळ बघितलं नाही. भाकरी तुटली की सगळे हसायचे, मावशी म्हणायच्या, ‘पुन्हा थाप, पीठ लई हाय.’ अठराव्या ताटापुढं माणूस बसला, तेव्हाच त्यांनी आमटीला पळी लावली. कुलथेकाकांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. डॉक्टरीणबाईंनी पाय बांधून दिला. कुलथेकाकांनी तक्रार केली नाही, उलट जाताना हत्तीचं चित्र मावशींना देऊन गेले.

त्या सहलीच्या अभिप्रायात पंधराच्या पंधरा लोकांनी लिहिलं, ‘भाकरी थापण्याचा कार्यक्रम अविस्मरणीय.’ पुढच्या महिन्यात तो आपल्या माहितीपत्रकात छापून आला, आणि आज लोक मुंबई-पुण्याहून त्यासाठी आगाऊ नोंदणी करतात. तो कार्यक्रम असा जन्माला आलाय, सर. माझ्या चुकीवर पांघरूण घालताना.

मी ऑफिसात मात्र एवढंच लिहिलं, ‘सहल सुखरूप परत.’ मावशींनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. आणि मग काय गंमत बघा. मी चेहरे मोजायला लागले, नावं पाठ करायला लागले. मला सर्वांत दक्ष गाईड म्हणून पारितोषिक मिळालं. सर, आपल्याच हस्ते. मला प्रशिक्षणाचं काम दिलं. मी मुलांना मोजणी शिकवते आणि दर वेळी मनात येतं, हिला विचारा ना, ही कुणाला विसरून आली होती. अकरा वर्षं हे आतल्या आत घेऊन फिरतेय. आज मावशी निघाल्यात. त्यांच्यासमोर सांगितलं नाही, तर पुन्हा कधीच सांगणार नाही. म्हणून सर, ही गोष्ट आपल्याला आज पहिल्यांदा कळते आहे, यापुढं मला या कामावर ठेवायचं की नाही हे आपण...

काय, मावशी? जरा माइक त्यांच्याकडं करा. नको म्हणतायत. काय म्हणता?

मंडळी, ऐकलं का? मागं ऐकू आलं नसेल तर सांगते. मावशी म्हणतायत, ‘त्याला म्हाईत हाय. दुसऱ्याच दिवशी सांगितलं मी.’

सर, आपण हसताय. म्हणजे खरंच?

थांबा, मला जरा पाणी द्या.

सर म्हणतायत, मावशी काकांच्या मोटारसायकलवर मागं बसून ऑफिसात आल्या होत्या. बोरदरीहून इथपर्यंत. आणि सांगितलं की टोप्या बंद कर, अन् पोरीला काढू नको. म्हणजे टोप्या त्यासाठी बंद झाल्या होत्या, आणि मी अकरा वर्षं आपल्याला कंजूस म्हणत होते.

मावशी, पण का सांगितलंत? तुम्ही तर त्या दिवशी सगळं झाकलंत.

‘पाव्हण्यांपासून झाकलं,’ म्हणतायत. ‘मालकापासून झाकलं असतं तर उद्या दुसऱ्या पोरीनं बी टोप्याच मोजल्या असत्या.’ आणि माझ्याबद्दल म्हणतायत, ‘अंधारात परत उतरली. आता ही कुणाला मागं ठेवायची नाय.’

मी पुढचं भाषण लिहून आणलं होतं. दोन पानं आहेत. ती आता राहू द्या. मला फार हलकं वाटतंय एवढंच सांगते. ज्या गोष्टीला मी अकरा वर्षं भीत होते, ती गोष्ट माहीत असूनच या दोघांनी मला ठेवून घेतलं होतं. बाबा, तुम्ही डोळे पुसू नका, नाहीतर मलाही आवरणार नाही.

मावशी, तुमचं वैजापूरचं घर सुखाचं होवो, गुडघे बरे राहोत, आणि लेकीच्या घरी तरी तुम्हाला कुणीतरी वाढो. काका, तुमच्या काठीलाही नमस्कार. अध्यक्ष महोदयांनी, मान्यवरांनी आणि आपण सर्वांनी माझं हे लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, मान राखण्यात कमी-जास्त झालं असेल, तर आपली मुलगी समजून पोटात घाला.

आणि एक सूचना. सभागृहाच्या लोकांनी आज ताटांचा ढीग लावून ठेवला होता. मावशींनी आल्या आल्या तो मोडून घेतला, ‘ढिगातून कोण राहिलं हे कसं कळायचं?’ म्हणाल्या. त्यामुळं आज पंगत आहे. शहाण्णव ताटं मांडलीत. बोलता बोलता मी चेहरे मोजलेत, पंच्याण्णव भरतात. संघपाल दिसत नाहीये, बाहेर गाडीत बसला असणार. कुणीतरी त्याला हाक मारा. तो आत येईपर्यंत कुणीही वाढायला घेऊ नका.