पुलाचा दगड, चौथ्यांदा

…ठेवा, ठेवा तो कागद तिथं, मी काही पळून जात नाही. आणि जरा असे डावीकडे सरका. बसा ना, बसू नका कुठं म्हणतोय — पण डावीकडे. दारातून मला कालव्यापलीकडचं दिसलं पाहिजे. सवय आहे म्हणा. हां, आता बोला. परवा सकाळी पाहिजे? कोनशिला? कशाची — थांबा, सांगू नका. पुलाची. ह्याच कालव्यावरच्या पुलाची. कसं ओळखलं काय, तुमच्याआधी तीन जण ह्याच स्टुलावर बसून असेच घड्याळ बघत होते. पुलाला कधी घाई नसते हो तुमच्याकडे. घाई असते ती दगडाला.

आणलात दगड? ठेवा इथं पोत्यावर — हळू, पायावर घ्याल. बघा ह्याच्याकडे. पहिल्यांदा आला तेव्हा चार बोटं जाड होता. आता मोजा. दोन बोटंसुद्धा भरत नाही. दर खेपेला जुनं नाव घासायचं, नवं कोरायचं. पाठ झाली, पोट झालं, पुन्हा पाठ. पूल काही वर आला नाही, दगड तेवढा झिजत चालला. अजून एक निवडणूक झाली की ह्याची पाटीसुद्धा व्हायची नाही, पापड होईल.

मला वाचता येत नाही, एवढं सांगून ठेवतो. शाळेत गेलोच नाही. तुम्ही लिहून आणायचं, मी तो कागद दगडावर चिकटवायचा आणि रेघ दिसेल तिथं छिन्नी चालवायची. पन्नास वर्षं हेच. पण हाताला ओळख राहते बरं का. द्या बघू तो कागद. अहो — हे नाव मी कोरलंय. नाही कसं? शेवटी ही लांब शेपूट, मधे ही गाठ, ह्या गाठीपाशीच कोपऱ्याचा टवका उडाला होता, हा बघा अजून तसाच आहे. हे ते पहिलेच ना — गॉगलवाले? तेच! आणि मग मधे… हां, त्या पक्षातून ह्या पक्षात. म्हणजे ह्यांच्यानंतर निवडून आले त्या मिशीवाल्यांनी ह्यांचं नाव घासायला लावलं, मग आल्या त्या बाईंनी मिशीवाल्यांचं, आणि आता बाईंचं घासून पुन्हा ह्यांचं. आणि बाईंना भर सभेत काय काय बोलले होते हे, मी ऐकलंय, ह्या दारात उभं राहून ऐकलंय. आता त्याच बाईंच्या मांडीला मांडी लावून बसतात म्हणे. थुंकावंसं वाटतं हो. घाबरू नका, नाही थुंकणार. दगडावर पडलं तर पुसायचं मलाच.

आणि आमची गल्ली तरी काय सोन्याची आहे? समोरचा न्हावी बघा — आरशाच्या कडेला फोटो लावतो, दर वेळी फोटो बदलतो, खिळा तोच. दिव्याच्या प्रत्येक खांबाला कोणाचा ना कोणाचा हसरा चेहरा टांगलेला, आणि दिवा बंद. कोणाला काही वाटत नाही. बोलावलं की जातात, बसतात, टाळ्या वाजवतात. मी पण वाजवल्यात. हो, हो. पहिल्या खेपेला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, दगड ह्यांनी कोरला म्हणून. छाती अशी फुगली होती माझी. त्याच दिवशी इथला लाकडी साकव पाडला. डुगडुगायचा, फळ्या गेल्या होत्या, पण माणूस पलीकडे जायचं. नवा पूल होतोय, आता जुना कशाला, म्हणाले. मी त्यावरही टाळ्या वाजवल्या.

अहो, परत पुढं आलात. सरका म्हटलं ना. …नाही. अजून नाही.

काय नाही? सांगतो. ती पिवळी इमारत दिसते? दुसरा मजला, गंजलेला कठडा. तिथं आक्का राहते माझी, थोरली बहीण. एकटीच. ऐकू येत नाही, म्हणून भाच्यानं दिलेला फोन नुसता वाजत पडतो. मग आमचं असं ठरलेलं — मी सकाळी दुकान उघडून हे फडकं हलवायचं, तिनं कठड्यावर निळी चादर झटकायची. झालं आमचं बोलणं. साकव पाडल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. ताप असला तरी झटकते, मग दिवसभर ठेवते तशीच. आज नऊला मी फडकं हलवलं. पुन्हा हलवलं. आता दहा होत आले.

असेल, झोप लागली असेल. म्हातारं माणूस.

तिला इकडेच यायचं होतं हो. मेहुणे गेले तेव्हा पेटी भरून बसली होती. मी वळसा घालून आणायला गेलो आणि — कशाला सांगतोय मी हे तुम्हाला — तिला म्हणालो, आक्का, आपलं घर कशाला सोडतेस, पूल होतोय ना, दगड मीच कोरलाय. आणि सून कुरकुरेल, दोनच खोल्या आमच्या. सुनेला मी विचारलंसुद्धा नव्हतं. पूल होणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, नाव घासायला दुसरा माणूस आला होता ना. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती, ती तोंडावरूनच वाचते. बरं, म्हणाली. पेटीतली लुगडी एकेक काढून परत फळीवर ठेवली. म्हणजे तुमच्या साहेबांनी सगळ्या गावाला थाप मारली, आणि मी तीच उचलून बहिणीला मारली. आता मी कोणाच्या नावानं थुंकू?

ऐका. तुमची ती पांढरी गाडी बाहेर उभी आहे ना? मोठ्या रस्त्यावरून वळसा घातला तर दहा मिनिटं. मला चालत दीड तास, आणि गुडघे हे असे. एवढं न्या मला. परवाचा दगड उद्या देतो. घासतो, कोरतो, रंग भरतो, गॉगलवाल्यांबद्दल तोंडातून अक्षर काढणार नाही. दहाच मिनिटं.

काय? साडेदहाला साहेबांना घेऊन जायचंय? कुठं — फलकाचं उद्घाटन? कसला फलक?

‘येथे पूल होणार.’

बरं.

नाही, रागावलो नाही. तुमचं काम तुम्हाला. ती कोपऱ्यातली काठी द्या तेवढी. आणि कागद उचला तुमचा. दगडही उचला — गाडीत त्याला जागा आहे ना, मग न्या त्यालाच. उठा आता, निघू द्या मला. दार? दार राहू द्या उघडं. इथं चोरण्यासारखं काय आहे? सगळी तुमचीच नावं.