नराच्या पोटात अंडी

इंदापूरच्या एसटी स्टँडवर कळंबची गाडी तासभर लागली नव्हती. शाळेतून दमून आलेल्या सुप्रियाबाई बाकावर बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर बाजारात मासे विकून आलेली साखरबाई आणि तिचा दीर शिवराम बोलत होते.

“कालिजातल्या सरांनी मासा फाडला का, भावजी?”

“फाडला. नर हाय म्हनले, पन पोटात अंडी हायती.”

“नराच्या पोटात?”

“व्हय. शेतातली औषधं, गावाचं सांडपानी, समदं नदीतच येतंय. त्यातलं कायतरी माशाच्या अंगात भिनतं, आन नराच्या अंगाला वाटतं आपुन मादीच हाय.”

“तरीच दोन सालं झाली, बारकं पिल्लू नजरंला पडंना. सरांनी उपाव काय सांगितला?”

“अजून चार मासं आनून द्या म्हनले.”



“आन मानसानं खाल्लं तर?”

सुप्रियाबाईंच्या घरी कालच रोहू शिजला होता. त्या कान देऊन बसल्या.

“इचारलं मी. अजून ठावं न्हाय म्हनले.”

“सुनंला सातवा महिना लागलाय, भावजी.”

“तिला घालू नगा, वयनी.”

“महिना झाला, घरात मासा शिजवलाच न्हाय मी.”

“आन बाजारात इकताय ते?”

“बाजारात न्हाय इकला, तर घरात भाकरी कशाची थापू?”

शिवरामनं पटक्यानं तोंड पुसलं.

“मग उद्या जाळं टाकू का नगं?”

“टाका,” साखरबाई म्हणाली.