सगळे उतरा, गाडी ब्रेकरवर आहे!

...अन् मग उतरायचं! गाडी आपली, नवरा आपला, बसलेलो आपण, अन् घरापासून चाळीस पावलांवर गाडी थांबवून हे म्हणणार, ‘उतरा!’ आता तुम्हीच सांगा, गाडी माणूस बसायला घेतो का उतरायला? नाही, मी आपलं विचारून राहिली! बावीस वर्षं झाली जयपूरला येऊन, नागपूरहून बदली झाली ती झालीच, रेल्वेच्या लोको शेडमध्ये आमचे हे, भीमराव, इंजिनं दुरुस्त करता करता रिटायर झाले, शास्त्री नगरात घर बांधलं, सगळं छान, पण त्या गल्लीच्या तोंडाशी तो ब्रेकर आहे ना...

तुम्हाला सांगते, ब्रेकर म्हणजे सरकारी नाही हो! सरकारी असता तर वाहून तरी गेला असता. हा गल्लीतल्या लोकांनी स्वतः सिमेंट ओतून केलेला. कोणी म्हणे थोडा उंच करा, कोणी म्हणे अजून एक घमेलं टाका, टाकता टाकता झाला डोंगर! अन् गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बागेची भिंत. म्हणजे बाहेर पडायचं तर ह्या डोंगरावरूनच.

आता मोटरसायकल जाते. रिक्षा जाते, आतल्या माणसाची मान जाते ती वेगळी. पण आमची गाडी? आमची सेडान! लांब, बुटकी, पाठीमागे एवढी मोठी डिक्की, सोळा वर्षांची म्हातारी. तिच्या स्प्रिंगा दबल्या, झोटवाड्याच्या देवराम मेकॅनिकनं दोनदा बदलल्या, पुन्हा दबल्या. चौघं बसलो की पोट ब्रेकरला घासते, खर्र... ! असा आवाज होते की ह्यांचा चेहरा पाहा, जसं कोणी ह्यांचंच पोट किसणीवर किसून राहिलं. म्हणून मग हुकूम. ‘उतरा!’ आम्ही उतरतो. लग्नाला निघालो, पैठणी नेसून उतरतो. बाजारातून आलो, पिशव्या घेऊन उतरतो. हे एकटे, तिरपी गाडी घालून, जीभ बाहेर काढून, मुंगीच्या चालीनं पलीकडे जातात. अन् पलीकडे जाऊन दार उघडून कसे म्हणतात? ‘या!’ जसं काही विमान आणलं!

अन् गल्लीत कोणी गप्प बसते का? समोर रणजीतजी राहतात, ट्रॅव्हल एजन्सी आहे त्यांची, भला माणूस, पण त्यांनी घेतली नवीन क्रॉसओव्हर. उंच, चकचकीत, वरून छत उघडते, आत टीव्हीएवढा पडदा, अन् गाडी बोलते हो! तेव्हापासून रोज सकाळी त्यांचं सुरू, ‘भीमराव सा, बेच दो अब इसको! सेडान मतलब ज़मीन पे बैठके खाना। घुटने दुखने लगे तो आदमी डाइनिंग टेबल लेता है कि नहीं?’

हे ऐकून घेतील? ‘रणजीतजी, क्रॉसओव्हर माने क्या? छोटी गाडी ने ऊँची एड़ी की सैंडल पहन ली, बस! वळणावर पाहा कशी डुलते ती. अन् डिक्की? माझ्या डिक्कीत तुमची अर्धी गाडी मावते!’

बरं, हे दोघंच असते तर चाललं असतं. दर रविवारी राजा पार्कात चहाच्या टपरीसमोर गाडीवाल्यांची बैठक भरते! वीस-पंचवीस माणसं, हातात कुल्हड, बॉनेट उघडं, अन् आत डोकी. एक पार्टी सेडानवाल्यांची, एक क्रॉसओव्हरवाल्यांची. एक म्हणते, उंच बसलं की लांबचं दिसते. दुसरी म्हणते, लांबचं पाहून करायचं काय, सिग्नल तर इथंच आहे! आमचा ध्रुव, मुलगा माझा, तो क्रॉसओव्हर पार्टीत. इथंच वाढला ना तो, मराठी अशी बोलते, ‘बाबा, मतलब, तुम्ही समजून नाही राहिले, ग्राउंड क्लिअरन्स भी कोई चीज़ होती है.’ बाप म्हणते, ‘तुला क्लच माहीत नाही, तू मला क्लिअरन्स शिकवून राहिला?’ आता हे खरं आहे हो. ध्रुव ऑफिसच्या ऑटोमॅटिक गाडीवर शिकला. डावा पाय त्यानं फक्त बूट घालायला ठेवला आहे.

तर हे असं चालू, अन् त्यात गौतमी आली बाळंतपणाला. आमची मोठी. जावई, संकल्प, फौजेत, पोस्टिंग जैसलमेरकडे, सुट्टी तारखेच्या हिशोबानं घेतलेली. अन् पोरगी नववा महिना लागलेली, पाय सुजलेले, पहिल्याच दिवशी दवाखान्यातून तपासून आलो तर ब्रेकरपाशी हे काय म्हणाले असतील? बरोबर! ‘उतरा!’

गौतमीनं असं पाहिलं बापाकडे... ‘बाबा, मी नाही उतरणार.’

‘अगं पण—’

‘मी. नाही. उतरणार.’

मग काय, मी उतरली, ध्रुव उतरला, ह्यांनी डिक्कीतून स्टेपनी काढली, हत्याराची पेटी काढली, पाण्याचा कॅन काढला, एक उशी होती तीही काढली, अन् पोरीला घेऊन गेले पलीकडे. थोडं घासलंच. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी ह्यांना गाडीखाली वाकून न बघताना पाहिलं. पोरीकडेच पाहून राहिले होते. मला रात्रीच्या जेवणाला म्हणाले, ‘रत्नमाला, तारखेच्या दिवशी रणजीतजींची गाडी सांगून ठेवू का?’ तुम्हाला सांगते, हातातली पोळी खाली पडली माझ्या! हे, अन् क्रॉसओव्हर मागणार! पण मागितली. सकाळी जाऊन, मान खाली घालून मागितली. रणजीतजी एवढे खुश, एवढे खुश, ‘अरे बेटी मेरी भी है, आधा घंटा पहले बता देना बस!’

आता बाळ काय अर्धा तास आधी सांगून येते?

तारखेला नऊ दिवस बाकी, सकाळचे साडेदहा, मी मेथी निवडून राहिली, अन् गौतमी दाराला धरून उभी. ‘आई, सुरू झालं.’ झालं! मी मेथी टाकली, ध्रुव धावला समोर, ‘अंकल, गाडी!’ अन् रणजीतजी दारात उभे, हातात चावी, चेहरा पांढरा. ‘बेटा... अपडेट चल रहा है।’

कशाचं अपडेट? गाडीचं हो! मोबाईलचं होते तसं गाडीचं होऊन राहिलं होतं! त्यांनी सकाळीच बटण दाबलं, पोरीसाठी गाडी एकदम अद्ययावत असावी म्हणून, बिचारे. पडद्यावर लिहिलेलं, चौतीस टक्के, कृपया प्रतीक्षा करें, गाड़ी न चलाएँ. रणजीतजी पडद्याला हात जोडून राहिले, ‘चल ना बहन, चल ना!’ पस्तीस टक्के.

रिक्षा म्हणाल तर गौतमी म्हणे, त्या ब्रेकरवरून रिक्षात गेली तर बाळ रिक्षातच होईल. मग ह्यांनी आपली सेडान काढली. पोरगी पुढे बसली, मी मागे, ध्रुव मागे, चाळीस पावलं गेलो अन् ब्रेकर. ह्यांचं तोंड उघडलं, मिटलं. आम्हीच उतरलो. स्टेपनी काढली. पेटी काढली. हे एकटे पोरीला घेऊन चढले... खर्र! मागे घेतली. तिरपी घातली... खर्र! गाडी त्या दिवशी रुसलीच होती. ध्रुव गाडीखाली वाकला, उभा राहिला, अन् हळूच म्हणाला, ‘बाबा... मतलब... सगळ्यात जड तर तुम्हीच आहात.’

अख्खी गल्ली जमलेली. सगळे ह्यांच्या पोटाकडे पाहून राहिले.

शहाण्णव किलो हो! इतकी वर्षं आम्हाला उतरवलं ह्या माणसानं, अन् स्वतःचं वजन कधी हिशोबातच धरलं नाही! हे तसेच स्टिअरिंगला धरून बसलेले. मग गौतमी म्हणाली, ‘बाबा, उतरा.’

अन् हे उतरले.

आता चालवणार कोण? ध्रुवला क्लच येत नाही. रणजीतजी ह्यांच्याहून जड. मला तर सायकलही येत नाही. एवढ्यात पुढचं दार उघडलं, गौतमी उतरली, पोट सांभाळत गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली! हे ओरडले, ‘अगं, उतरलीच आहेस तर चार पावलं चालत पलीकडे जा ना!’

‘बाबा, चूप.’

अठराव्या वर्षी ह्याच गाडीवर ह्यांनीच शिकवलं होतं तिला, विद्याधर नगरच्या मैदानात. पहिला गिअर टाकला, तिरपी घातली, अर्ध्या क्लचवर तरंगत ठेवली, अन् तुम्हाला सांगते... आवाज नाही! एक चाक, दुसरं चाक, तिसरं, चौथं, लोण्यातून सुरी गेल्यासारखी पलीकडे! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. हे धावत निघाले, आता मी बसतो म्हणून. तिनं खिडकीतून हात काढला. ‘आई, तू ये. बाबा नको. बाबा तीसच्या वर जात नाहीत.’

मी बसली, अन् निघालो आम्ही! दवाखाना दीड-दोन किलोमीटर, कळा दहा-दहा मिनिटांनी, पोरगी गाडी चालवून राहिली अन् माझ्या मोबाईलवर ह्यांचा फोन, स्पीकरवर! ‘तिसऱ्यात टाकली का?’ ‘टाकली बाबा.’ ‘क्लचवर पाय ठेवून चालवू नको.’ ‘नाही ठेवत.’ ‘कळ आली तर डाव्या बाजूला घे, इंडिकेटर दे.’ सिग्नलला आली कळ. तिनं हँडब्रेक ओढला, माझा हात असा दाबला की बांगडी वाकली, सिग्नल हिरवा झाला, मागे पंधरा गाड्या पोंऽऽ पोंऽऽ, मी खिडकीतून डोकं काढून ओरडली, ‘थांबा रे, बाळ होऊन राहिलं इथं!’ मराठीत ओरडली, पण सगळ्यांना समजलं. अन् हे फोनवर सगळं ऐकून राहिले. मग इतक्या बारीक आवाजात म्हणाले, ‘गौतू, गाडीची काळजी नको करू. ठोकली तरी चालेल.’

ठोकली तरी चालेल! हे शब्द त्या तोंडातून! पोरगी कळेमध्ये हसली हो.

दवाखान्याच्या दारात गाडी लावून ती आत गेली. हे पोचले वीस मिनिटांनी. रणजीतजींच्या गाडीतून! अपडेट झालं होतं. उंच सीटवरून खाली उतरले, डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली, मी म्हटलं, ‘कशी आहे गाडी?’ तर म्हणे, ‘सीट बरी आहे,’ अन् भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोन वाजता नर्स बाहेर आली. मुलगी. तीन किलो शंभर ग्रॅम. संकल्पला फोनवर रडवलं सगळ्यांनी मिळून. रणजीतजींनी मावा कचोरी वाटली. पार्किंगमधल्या सेडानवाल्यांना, क्रॉसओव्हरवाल्यांना, वॉचमनला, सगळ्यांना.

चौथ्या दिवशी नात घरी आणली. ह्यांनी काय करावं? मागच्या सीटवर शाल घातली, तिच्यावर बाळ ठेवलं, पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं, अन् फोटो काढून टाकला त्या रविवारच्या बैठकीच्या ग्रुपवर. खाली लिहिलं, ‘नई मेंबर.’ मला म्हणे, आता पाहा कशा शुभेच्छा येतात.

आल्या ना! सत्तेचाळीस आल्या! एक म्हणे, भाईसाब सीट कवर कहाँ से लिया. दुसरा म्हणे, ये बेज कलर अब नहीं मिलता. तिसरा म्हणे, लेगरूम देखो, क्रॉसओव्हर वाले सीखो. त्यावर क्रॉसओव्हरवाले तुटून पडले, दुपारभर भांडण! मी म्हटलं, अहो, बाळाबद्दल एकानं तरी विचारलं का?

म्हणे, विचारलं की एकानं. दाखवलं मला. लिहिलेलं, ‘सर, सीट पे ये सफ़ेद-सा क्या रखा है? ओरिजिनल है या बाहर से लगवाया?’

अन् आमच्या ह्यांनी खाली उत्तर दिलेलं... ‘ओरिजिनल. कंपनी फिटेड.’

सांगा आता, ह्या माणसाला काय म्हणायचं?